अकरा गुंठ्यांत पाच जण

"काल तुमच्याकडे कोपऱ्यावरचे बँकवाले बराच वेळ बसले होते म्हणे," काकू कुंपणावर पायपुसणी वाळत घालता घालता म्हणाल्या. म्हणे कसलं, त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमचा दरवाजा सरळ दिसतो.

"हो ना. ह्यांना प्लॉटचं माहितीपत्रक दाखवायला आले होते. मुळशीच्या पुढं, दोन गुंठे, सहा लाख. बिनव्याजी हप्त्यानंही चालतं. रविवारी साइट बघायला जायचंय, आणि आवडलं तर तिथंच पन्नास हजार टोकन."

उरलेली पायपुसणी बादलीतच राहिली. काकू दुय्यम निबंधकाच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या. सासरे जुन्या काळचे तलाठी. म्हणजे ऑफिसात खरेदीखतं आणि घरी सातबारे, असा सगळा जन्म गेलेला. दुपारी बाकीच्या बायका मालिका बघतात, काकू लोकांचे फेरफार वाचतात.

"सातबारा नावावर करून देतो म्हणाले असतील."

"तेच तर. म्हणून तर हे तयार झाले."

"एकट्याच्या नावावर?"

मी गप्प.

"विचारलंच नसेल. अगं, शेतजमिनीचा दोन गुंठ्यांचा तुकडा स्वतंत्र विकताच येत नाही. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासूनचा आहे. २०२३ साली बहुतेक जिल्ह्यांना जिरायतीला वीस गुंठे आणि बागायतीला दहा असं प्रमाणभूत क्षेत्र ठरवून दिलं. त्याच्या खाली तुकडा पाडायचा नाही. मग एजंट काय करतो? अकरा गुंठ्यांचं एकच खरेदीखत करतो आणि घेणारे म्हणून पाच जणांची नावं घालतो. प्रत्येकी दोन, वरचा एक रस्त्याला. सातबाऱ्यावर पाचही नावं येतात, पण सामायिक. तुझ्या नवऱ्याचे दोन गुंठे नेमके कुठले, हे त्या कागदावर कुठंच नाही. ते असतं एजंटच्या रंगीत नकाशात. आणि तो नकाशा त्याच्या भाच्यानं कॉम्प्युटरवर काढलेला."

"पण सरकारनं आता तुकडेबंदी उठवली ना? पेपरात आलं होतं."

"आधीच पडून गेलेले तुकडे नियमित करायचं जाहीर केलं २०२५ मध्ये. तेही कुठले, कुठल्या हद्दीतले, त्याच्या अटी आहेत. त्या बातमीचं कात्रण खिशात घालून तर हे लोक फिरताहेत. मागच्यांना माफी मिळाली म्हणून आपण पैसे भरून नवा गुन्हा करायचा का?"

मी म्हटलं, "पण काकू, दस्त तर रीतसर नोंदला जातो. स्टॅम्प ड्युटी भरून, फोटो, अंगठे..."

"ते सगळं मीच करायची की! ओळखपत्र बघायचं, मुद्रांक पुरेसा आहे का बघायचं, सह्या-अंगठे-फोटो घ्यायचे, पुढचा टोकन नंबर. विकणाऱ्याला विकायचा हक्क आहे का, त्याच्या बहिणी कुठं आहेत, हे शोधत बसणं आमचं काम नव्हतं. ते घेणाऱ्यानं बघायचं. लोकांना वाटतं, सरकारी शिक्का बसला म्हणजे सरकारनं हमी घेतली. बाहेर पडताना पेढे वाटायचे. एकच जमीन दोघांना विकलेली आमच्या टेबलावरून गेलीय. दोन्ही वेळचे पेढे मी खाल्लेत."

एवढ्यात समोरच्या वहिनी दुधाची पिशवी घेऊन परतत होत्या, त्याही थांबल्या. जमिनीचा विषय निघाला की त्यांना थांबावंच लागतं. त्यांच्या दिरांचं मुरबाडचं प्रकरण सगळ्या गल्लीला पाठ आहे.

"दिरांचं काय झालं मग?" काकूंनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं.

"काय व्हायचंय? तारीख. मूळ मालक आदिवासी होता म्हणे, ठाकर. मध्ये कुणाच्या तरी नावावर झाली, त्याच्याकडून एजंटनं घेतली, एजंटकडून आमच्या भावजींनी. आता त्या म्हाताऱ्याच्या नातवानं अर्ज केलाय."

"कलम ३६ आणि ३६ अ," काकू म्हणाल्या. जमीन महसूल संहितेची कलमं त्या वार सांगावेत तशी सांगतात. "आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय जातच नाही. मधले कितीही हात बदलू देत. कर्जत, मुरबाड, शहापूर, तिकडं तर हे आधी बघायचं. आणि दुसरं, वन. १९७५ चा खासगी वनांचा कायदा. त्या वर्षीच्या ३० ऑगस्टला कित्येक जमिनी एका फटक्यात सरकारच्या झाल्या. खाली लोक शेती करत राहिले, विकत राहिले, आणि कधीतरी सातबाऱ्यावर नोंद उगवली. तुझ्या प्लॉटचा सातबारा पाहिलास का तू?"

"ह्यांनी पाहिला मोबाइलवर. मालकाचं नाव बरोबर होतं."

"नाव सगळेच बघतात. इतर हक्काचा रकाना कोण बघतं? मला विचारशील तर सातबाऱ्यात वाचण्यासारखं तेवढंच असतं. तिथं कुळ असतं, सोसायटीचा बोजा असतो, कोर्टाचा मनाई हुकूम असतो, कुणाची विहिरीत पाण्याची पाळी असते. भोगवटादार वर्ग दोन लिहिलं असेल तर जमीन परवानगीशिवाय विकताच येत नाही. माळ बघून तुम्ही म्हणता, अहाहा, काय मोकळी जागा! कागदावर बघावं तर उभं राहायला जागा नसते."

कुळाचं काय, असं वहिनींनी विचारलं, आणि काकू खुलल्या. १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवशी कसणारा मालक मानला गेला. पण कुळाला मिळालेली जमीन विकायला कलम ४३ ची आडकाठी. २०१४ मध्ये ती सैल केली: प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील तर शेतसाऱ्याच्या चाळीस पट भरा आणि विका. रक्कम चहापाण्याइतकी, तरी ती न भरता विकणारे महाभाग आहेत, आणि ते बघायचे कष्ट न घेता विकत घेणारेही. काकूंच्या सासऱ्यांनी अशाच एका व्यवहाराचा फेरफार नामंजूर करवला, तेव्हा घेणाऱ्याच्या बायकोनं दारात येऊन शिव्या दिल्या होत्या. त्या शिव्याही काकूंनी सांगितल्या. इथं छापण्यासारख्या नाहीत.

"आणि बहिणी!" वहिनी म्हणाल्या. "बहिणींचं सांगा ना."

"बहिणी तर आहेतच. २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क. वडील २००५ च्या आधी गेले तर काय, म्हणून भांडणं चालली होती, ते २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं मिटवलं. वडील हयात असायची गरज नाही, हक्क जन्मानं. आता एजंट भावांच्या सह्या घेऊन येतो, बहिणींचं म्हणतो, त्या सासरी असतात, त्यांना काही नको. ताई, तुम्हाला काही नको असं लिहून द्या म्हटलं की मग कळतं काय काय हवंय. हक्कसोडपत्र नोंदवलेलं नसेल तर त्या बाईची सही प्रत्येक दगडावर आहे असं समजायचं."

मी जरा चाचरत म्हटलं, "पण बँकवाले स्वतः घेऊन बसलेत की दोन वर्षांपूर्वी. चार लाखांना घेतला, आता सहा चाललाय. फायद्यातच आहेत."

काकूंनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी काकूंकडे. ह्या नजरेलाच मी भीत होते.

"सहाला कुणी घेतला त्यांचा?"

"त्यांचा नाही, फेज टूचा भाव सहा आहे."

"म्हणजे एजंटनं नवीन माहितीपत्रक छापलं, त्यावर सहा लिहिलं, आणि ह्यांचा प्लॉट दीडपट झाला. बरं आहे! मागच्या दिवाळीत त्यांना मुलीच्या लग्नासाठी विकायचा होता, तेव्हा त्याच एजंटला म्हणाले, तुझ्याच भावानं परत घे. तो म्हणाला, आम्ही रिसेल करत नाही काका, पण तुम्ही चार गिऱ्हाईकं आणा, प्रत्येकी दोन टक्के देतो. तेव्हापासून बघ, सकाळच्या फिरण्याच्या कट्ट्यावर त्यांनी दुसरा विषय काढलेला नाही."

हे मला ठाऊक नव्हतं. काल रात्री त्यांनी आमच्याकडं दोन वेळा चहा घेतला होता.

"माणूस वाईट नाही," वहिनी म्हणाल्या. "अडकलेला आहे."

"बँकेत आयुष्य काढलं आणि एवढंही मनात आलं नाही, की त्यांचीच बँक ह्या प्लॉटवर कर्ज का देत नाही? बिनव्याजी हप्ता काय प्रेमानं देतात? बँकेकडं गेलं तर तिचा वकील तीस वर्षांचे उतारे मागतो, आणि पहिल्याच फेरफारापाशी अडतो. म्हणून एजंटच सावकार. तीन हप्ते चुकले की टोकन बुडालं, ते बारीक अक्षरात मागच्या पानावर." काकूंनी पदरानं कपाळ पुसलं. "मी त्यांच्यासोबत गेले होते ती साइट बघायला. त्यांच्या बायकोनं ओढून नेलं. गेट काय, हत्ती काय दोन्ही बाजूंना! आत डांबरी रस्ता, पन्नास-साठ पावलं. पुढं मुरूम, त्याच्यापुढं गवत. रस्त्याकडेनं गुलमोहर लावलेत म्हणाला. मी एक रोप हलवून पाहिलं तर हातात आलं. खाली नर्सरीची काळी पिशवी तशीच. खड्ड्यात ठेवलंय नुसतं, पिशवीसकट. शनिवारी आणून ठेवायचं, दाखवायचं. आणि तो चुना फासलेला दगड, प्लॉटच्या कोपऱ्याचा म्हणून दाखवला तो. सरकारी मोजणी झालीय का विचारलं, तर म्हणाला, आम्ही जीपीएसनं केलीय. भूमी अभिलेखची मोजणी झाल्याशिवाय तो दगड म्हणजे उद्या गुराख्यानं सरकवावा असा."

"आणि तो गेटमधला रस्ता कुणाचा?" वहिनींनी विचारलं. अनुभवाचा प्रश्न होता.

"शेजारच्या गटातला. शेतकऱ्यानं वर्षाच्या बोलीवर दिलाय. तिथंच म्हशी घेऊन उभा होता, त्यानंच सांगितलं. उद्या त्यानं काटेरी कुंपण घातलं की तुम्ही तहसीलदारांकडं रस्त्याचा अर्ज करा. कलम १४३. मिळालाच तर शेतात जाण्यापुरता बांधावरून मिळतो, मोटार वळवण्यापुरता नाही."

मला आता खरंच घाम फुटला होता. "घर तरी बांधता येईल ना? फार्महाउस म्हणाले."

"शेतघराला जमीन निदान ०.४ हेक्टर लागते, म्हणजे एकरभर. चाळीस गुंठे. तुझे दोन. आणि मुळात तुम्ही शेतकरी आहात का?"

"ह्यांच्या आजोबांची होती पंढरपूरकडं. विकली ती."

"मग नाही. १९४८ चा कुळकायदा, कलम ६३. शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. शेतकरी दाखला आम्ही काढून देतो म्हणाला असेल एजंट."

तो तसंच म्हणाला होता. मी सांगितलं नाही, पण चेहऱ्यावर आलं असावं.

"खोट्या दाखल्यावर घेतलेली जमीन सरकारजमा होऊ शकते. तेव्हा एजंट साक्षीलासुद्धा येत नाही."

वहिनींनी मध्येच लवासा काढलं. मुळशीचाच तालुका. त्यांच्या ओळखीच्या कुणीतरी तिथं फ्लॅट घेतला होता, इटलीसारखं तळं आहे म्हणून. काकू म्हणाल्या, ते तर डोंगराएवढं काम, कागदपत्रांची गाठोडी, मोठमोठे वकील. तरी नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयानं काम थांबवायला लावलं, वर्षभरानं अटी घालून परवानगी दिली, आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेली. पैसे भरलेले लोक दावेदारांच्या रांगेत. "तिथं निदान रांग तरी आहे. तुझ्या ह्या एजंटचं ऑफिस कुठंय? बँकेच्या वरच्या मजल्यावर भाड्याचा गाळा, अकरा महिन्यांचा. त्यालाही अकराचाच नाद."

मग त्यांनी मला फोन लावायला लावला. तिथंच, कुंपणापाशी, स्पीकरवर. गट नंबर विचार, म्हणाल्या. गट नंबर कळला की महाभूलेखवर सातबारा घरबसल्या दिसतो, 'आपली चावडी'वर फेरफाराच्या नोटिसा दिसतात, कुणाची हरकत असली तर तीही कळते.

"नमस्कार मॅडम! बोला ना, किती प्लॉट बुक करू?"

"आधी गट नंबर हवा होता."

"गट नंबर साइटवर देतो ना मॅडम. आधी दिला की लोक डायरेक्ट शेतकऱ्याकडं जातात."

काकूंनी ओठांनीच 'महारेरा' केलं.

"महारेरा नंबर काय आहे तुमचा?"

"शेतजमिनीला रेरा लागत नाही मॅडम."

काकूंना राहवलं नाही. त्या फोनमध्ये वाकून म्हणाल्या, "शेतजमीन आहे तर माहितीपत्रकावर क्लब हाउस आणि स्विमिंग पूल कुणासाठी, बैलांसाठी? पाचशे चौरस मीटरच्या वर आणि आठाहून जास्त प्लॉट पाडून विकताय, तर नोंदणीशिवाय जाहिरातच करता येत नाही तुम्हाला. पाचशे मीटर म्हणजे धड पाच गुंठेही होत नाहीत!"

पलीकडं जरा शांतता. मग तो तितक्याच गोडव्यानं म्हणाला, "आजी, तुम्हीपण या रविवारी. एसी गाडी आहे, दारातून नेतो, दारात सोडतो. दुपारचं जेवण आमच्याकडं."

"जेवायला काय?"

"गावरान कोंबडा, चुलीवरची भाकरी. शाकाहारींना पिठलं."

काकूंनी फोनवर हात ठेवला आणि वहिनींना विचारलं, "रविवारी संकष्टी नाही ना?"