आमचा अंडरकोट

लिफ्टमध्ये भेटलेला माणूस साधारणपणे पाऊस, पाणीकपात नाहीतर पार्किंगबद्दल बोलतो. आमच्या 'बी' विंगमधले काका म्हणतात, "आज आमच्या गुदग्रंथी साफ करून आणल्या." नवी सून घेऊन देवदर्शनाला निघालेलं कुटुंब पुढच्याच मजल्यावर उतरून जिना धरतं. ग्रंथी ज्याच्या, तो गोल्डन रिट्रीव्हर मात्र शांतपणे जीभ काढून उभा असतो.

तुमच्याकडेही हे काका असणारच. नसतील तर तुम्ही सकाळी खाली उतरत नसाल.

आमच्या काकांच्या डोक्यावर कानांच्या वर उरलेली एक झालर सोडली तर केस नाहीत. तरी वर्षातून दोनदा तेच चारचौघांत सांगतात, "सध्या आमचा अंडरकोट निघतोय हो, घरभर केस." ती झालर कापायला ते कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जातात आणि 'आहेत किती, निम्मेच घ्या' म्हणून हुज्जत घालतात. कुत्र्याच्या पार्लरला मात्र आंघोळ, ब्लोअर, कान, नखं आणि तळव्यांमधले केस एवढ्याचे दोन हजार मोजून वर 'मुलगा फार हळुवार हाताचा आहे' म्हणून बक्षिसी देतात.

मार्चअखेरीला कुणी नवखा म्हणाला, "उकडायला लागलं, कुत्र्याचा चकोट करून टाकतो," की संपलं. स्कॉटलंडच्या गार पाण्यात पडलेली पाखरं उचलून आणायला एकोणिसाव्या शतकात तयार केलेली ही जात कोथरूडच्या उन्हात कशी ठेवावी, यावर काकांचं व्याख्यान भर दुपारी, टोपीविना सुरू होतं. "वरचा राठ कोट ऊन अडवतो. तो भादरलात तर ऊन थेट कातडीवर! आणि पुन्हा तसाच येईल याची खात्री नाही. रोज विंचरा, मेलेला अंडरकोट काढा, हवा आत खेळू द्या. आम्हाला घाम येतो तो तळव्यांना, केस काढून काय गारवा मिळणार?" हे बोलताना घामाची धार टकलावरून चष्म्यात उतरत असते. शाम्पूचा विषय निघाला, तर आणखी पुढची पायरी: "माणसांचा शाम्पू आम्हाला चालत नाही. आमच्या कातडीचा पीएच वेगळा."

वार्षिक सभेत कुत्र्यांना लिफ्टबंदी करण्याचा ठराव आला, तेव्हा काका भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांची प्रत घेऊन उठले. "आम्हाला लिफ्ट नाकारता येत नाही!" अध्यक्ष भांबावले. "तुम्हाला कोण नाकारतंय?" त्या गोंधळातच ठराव बारगळला.

आता पहिल्या मजल्यावरच्या आजींच्या पर्शियन मांजराचं सांगायलाच हवं, नाइलाज आहे. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. स्वतःची फणी ते तोंडातच बाळगतं, पण पर्शियनच्या लांब केसांपुढे तीही हरते. पुढच्या पायाखाली, काखेत, केसांचा दगडासारखा गोळा झाला होता. आजी कात्री घेऊन निघालेल्या. काकांनी ती काढून घेतली. गाठीबरोबर कातडी वर ओढली जाते आणि मांजराची कातडी कागदासारखी कापली जाते, म्हणाले. पाणीही लावू दिलं नाही, त्यानं गुंता आवळतो. जिन्यातच फतकल मारून गाठीत कॉर्नफ्लोअर चोळलं, मुळाशी दोन बोटांनी केस घट्ट धरले आणि टोकाकडून एकेक बट सोडवत गेले. हातावर चार ओरखडे निघाले. "थोडं राहिलंय, आम्ही शहाणे आहोत," हे मांजराला. मांजरंही 'आम्ही'त केव्हा आली, कळलं नाही.

हल्ली कुत्रा म्हातारा झालाय. टेबलावर उभं राहणं झेपत नाही, म्हणून पार्लर बंद. काका घरीच फरशीवर बसून त्याची नखं कापतात. काळ्या नखातली शीर दिसत नाही, म्हणून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढायचा, थांबायचं, मग पुढचा. उठताना मात्र काकूंना हात द्यावा लागतो. गुडघे बदलायचं ऑपरेशन ते पुढे ढकलत राहिलेत. काकूंनी मला मध्यस्थीला बोलावलं, तर काका माझ्यावरच उखडले.

"डॉक्टर म्हणतात, नंतर खाली बसायचं नाही. मग आमची नखं कोण कापणार?"