दिवे किती लावले, उजेड किती पडला

एखाद्याचे कर्तृत्व तपासण्यासाठी मराठीत ‘काय दिवे लावले?’ आणि ‘काय उजेड पाडला?’ असे दोन प्रश्न पूर्वीपासून प्रचलित असून ते बहुधा एकाच अर्थाने, एकाच श्वासात आणि एकाच गुणपत्रिकेसमोर उभे राहून विचारले जातात. प्रकाशमापनाच्या शास्त्राला मात्र हे दोन प्रश्न एक वाटत नाहीत. दिवा सर्व दिशांना मिळून किती प्रकाश बाहेर टाकतो, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ल्युमेन या एककात द्यावे लागते. त्यातला किती प्रकाश प्रत्यक्षात वहीच्या पानावर येऊन पडला, या दुसऱ्याचे उत्तर लक्स या एककात. ल्युमेन आणि लक्स या दोन्ही लॅटिन शब्दांचा अर्थ ‘प्रकाश’ असाच असल्यामुळे, नामकरण करणाऱ्यांनी जुळ्यांना एकसारखे कपडे चढवून पाहुण्यांची फजिती पाहण्याचा उद्योग केला, असे म्हणावे लागते. त्यातही लक्स म्हणताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे साबणाची वडी येते, पण तो दोष शास्त्राचा नव्हे.

या जोडगोळीचा उलगडा पावसाच्या हिशेबाने चांगला होतो. एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी समान पसरले, तर एक मिलिमीटर पाऊस झाला असे मानतात. त्याचप्रमाणे एक चौरस मीटरवर एक ल्युमेन प्रकाश समान पसरला, तर तेथे एक लक्स उजेड पडला असे म्हणतात. म्हणूनच ‘आठशे ल्युमेन म्हणजे किती लक्स?’ हा प्रश्न ‘एक टँकर पाणी म्हणजे किती मिलिमीटर पाऊस?’ या प्रश्नाइतकाच अधांतरी असून, अंगण केवढे आहे हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. अंगण फुटांत मोजणाऱ्यांनी दर चौरस फुटाच्या ल्युमेनला फूट-कँडल असे नाव दिले आणि एका फूट-कँडलचे सुमारे १०.७६ लक्स होतात; चौरस मीटरमध्ये तितकेच चौरस फूट बसतात, एवढेच त्यातले गूढ आहे.

या दोहोंमध्ये ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण उभी आहे आणि तिच्या पोटात तिसरे एकक दडले आहे. समईचा प्रकाश बाजूंना भरपूर आणि बुडाशी जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे विशिष्ट दिशेला प्रकाशाचा जोर किती, हे स्वतंत्रपणे मोजावे लागते, आणि या जोराचे एकक म्हणजे कँडेला, अर्थात लॅटिन मेणबत्ती. ही मेणबत्ती अलंकारिक नाही. लंडनमधील गॅसच्या दिव्यांचा कस ठरवण्यासाठी १८६० च्या कायद्याने जी प्रमाण मेणबत्ती सांगितली, ती स्पर्म व्हेल या देवमाशाच्या डोक्यातून काढलेल्या मेणासारख्या द्रव्याची, एका पौंडात सहा बसतील अशा वजनाची आणि तासाला १२० ग्रेन, म्हणजे पावणेआठ ग्रॅमच्या आसपास, जळणारी असावी लागे. फ्रेंचांनी त्याऐवजी तासाला ४२ ग्रॅम तेल पिणारा कार्सेलचा दिवा प्रमाण मानला, तर जर्मनांनी ४० मिलिमीटर उंचीच्या ज्योतीचा हेफ्नरचा दिवा. त्यात जळणाऱ्या अमाइल ॲसिटेटला पिकल्या केळ्यांसारखा वास येतो, त्यामुळे तेथील प्रयोगशाळेत उजेड मोजण्याच्या दिवशी भूक लागत नसेल असे मानणे कठीण आहे. १९४८ मध्ये गोठू लागलेल्या प्लॅटिनमच्या तेजावर हे माप बसवण्यात आले आणि १९७९ मध्ये मेणबत्ती व प्लॅटिनम दोन्ही बाजूला सारून असे ठरले की, सेकंदाला ५४० लक्ष कोटी कंपने असलेल्या हिरव्या प्रकाशाच्या एका वॉटचे ६८३ ल्युमेन मानावेत. हा ६८३ आकडा असा आडनिडा का, तर जुन्या मापाशी नाते तुटू नये म्हणून. अर्थात देवमासा गेला, पण त्याचा हिशेब वारसांकडे चालू राहिला.

हिरव्यावर ही मेहेरनजर असण्याचे कारण मानवी डोळा होय. तो हिरवट-पिवळ्याला सर्वाधिक मान देतो, तांबड्या व जांभळ्याला दुय्यम लेखतो आणि अवरक्त किरणांची दखलच घेत नाही, म्हणून हजार वॉटची इस्त्री कितीही तापली तरी, तिच्यावरचा इवला तांबडा दिवा वगळता, ल्युमेनच्या खात्यात तिची पाटी कोरी राहते.

एक कँडेला जोराचा दिवा सर्व दिशांना सारखाच प्रकाशत असेल, तर त्यातून सुमारे १२.५७ ल्युमेन बाहेर पडतात. उलटपक्षी ९०० ल्युमेनच्या बल्बला १२.५७ ने भागले की जवळपास ७२ कँडेला हाती येतात. त्याला अंतराच्या वर्गाने भागावे, म्हणजे दोन मीटर खाली १८ लक्स उरतात (भिंतींनी परतवलेला प्रकाश येथे धरलेला नाही). याच हिशेबाने एक मेणबत्ती दोन मीटरवर पाव लक्स उजेड देते आणि डोक्यावरचा स्वच्छ पूर्णचंद्रही साधारण तेवढाच देतो. तेव्हा कोजागरीच्या दुधात जे चांदणे उतरते, ते दोन मीटरवरच्या मेणबत्तीच्या मोलाचे असते, ही गोष्ट दूध पिऊन झाल्यावर सांगणे इष्ट. लाखो कँडलपॉवरची जाहिरात करणारी विजेरी मात्र खोटेच बोलते असे नाही: बागेच्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाणी न वाढता धार लांब जाते, तसाच थोडा प्रकाश तेथे अरुंद झोतात कोंबलेला असतो.

‘डोळे दिपणे’ हा चौथा प्रकार. पृष्ठभागाची चमक दर चौरस मीटरमागे कँडेलात मोजतात आणि त्या मापाला निट म्हणतात. चित्रपटगृहाचा पडदा साधारण ४८ निटांचा ठेवण्याचा प्रघात आहे. पुढच्या रांगेतील रसिक भर उन्हासाठी बनवलेला, हजार निटांचा मोबाइल तेथे पूर्ण तेजाने उघडतो, तेव्हा मागच्यांना काहीच नीट दिसत नाही.

राहता राहिला वॉट, जो प्रकाश मोजतच नाही, केवळ वीज किती लागते ते सांगतो, आणि तरीही घराघरांत उजेडाचे माप म्हणून तोच रुजला. साठचा पिवळा बल्ब जेमतेम ७०० ल्युमेन देई, ते काम आज नऊचा एलईडी सहज करतो, त्यामुळे ‘साठचा द्या’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्या ग्राहकाला ‘नऊचा न्या’ असे सांगणारा दुकानदार लबाड वाटतो. या गोंधळाचा कळस म्हणजे झिरोचा बल्ब. जुन्या फिरत्या चकतीच्या मीटरला इतका किरकोळ भार जाणवत नसे, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. वस्तुतः तो १५ वॉटच्या आसपास वीज घेई, म्हणजे रोज रात्री आठ तास धरले तर वर्षाला सुमारे ४४ युनिटे, आणि त्या बदल्यात उजेड एवढाच पडे की, ओळीने झोपलेल्या मंडळींतून वाट काढणाऱ्याला आपण कोणाच्या तरी पायावर पाय दिला हे कळावे, पण तो पाय कोणाचा हे कळू नये.