शिडाची होडी आणि नळाचं पाणी

निळा समुद्र, नारळाची बेटं, छोटीशी शिडाची होडी आणि नवरा-बायको दोघंच. असले व्हिडिओ भुसावळात कूलरसमोर बसून फार आवडीने पाहिले जातात. त्यातला उष्ण कटिबंध आपल्याला फुकटच आहे. कर्कवृत्त पार उत्तरेला राहिलं आणि मे महिन्यात पारा 45च्या पुढे. राहता राहिलं पाणी. होडीवाले मोठ्या कौतुकाने सांगतात, आम्ही गोडं पाणी मोजून वापरतो, भांडी खाऱ्या पाण्यात विसळतो. अहो, तापी गावाला खेटून वाहते, वर हतनूरला 41 दरवाजांचं धरण. तरी नळ आला की अख्खी गल्ली आधी टाकी, मग पिंप, शेवटी चहाचं पातेलंसुद्धा भरून ठेवते. ही तालीम कुठल्या क्लबात मिळणार?

नौदलाचे दिलीप दोंदे 2009-10 मध्ये गोव्यात बांधलेल्या 56 फुटी ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. तेवढं आपल्याला नको. फक्त वाऱ्याचं बघायला हवं. पश्चिमेची लू शिडात भरली, तर होडी अंदमानऐवजी अकोल्याला लागायची. तिथे तर पॅसेंजरही जाते.