रसायनमुक्त, मुक्काम पोस्ट रसायनी

रिटायर झालो आणि बायकोच्या मसाल्याचा प्रचारप्रमुख झालो. नेमणूक तिनेच केली. पगाराचं विचारलं, तर म्हणाली, "दोन वेळा जेवता ना?"

काम सोपं होतं. दर रविवारी दुपारी चारला व्हॉट्सअ‍ॅपवर सोसायटीच्या आणि जुन्या डिपार्टमेंटच्या ग्रुपवर एक फोटो टाकायचा, खाली दोन ओळी. कधी गच्चीवर वाळणाऱ्या मिरच्या, कधी धणे भाजताना मला लागलेला ठसका. रात्रीपर्यंत आठ-दहा किलो खपायचा.

मग पुण्याहून चिरंजीव आले. "बाबा, कंटेंटला स्ट्रॅटेजी लागते!" त्याने लॅपटॉपवर रंगीत कॅलेंडर आखलं. वार, वेळ, फोटो, भाषा, सगळं एका रात्रीत बदललं. मंगळवारी सकाळी दहाला लोक सगळ्यात जास्त वाचतात, असं म्हणे अमेरिकेत सिद्ध झालंय.

अमेरिकेत झालं असेल. मंगळवारी दहाला पाताळगंगेच्या काठावरच्या कारखान्यांत फर्स्ट शिफ्ट ऐन भरात असते आणि मोबाइल गेटवर जमा असतात. सॉल्व्हंटच्या वाफेजवळ ठिणगी नको म्हणून. मीही कित्येक वर्षं रोज तिथे मोबाइल ठेवून आत गेलोय, पण स्ट्रॅटेजीपुढे अनुभवाची काय मात्रा!

दुसऱ्या मंगळवारी मटण मसाल्याचा व्हिडिओ सोडला. तर्री अशी की स्क्रीन पुसावीशी वाटावी. पाच मिनिटांत पहिलं उत्तर आलं : "काका, आज अंगारकी. आम्ही महडला वरदविनायकाच्या रांगेत आहोत." बायकोने काही न बोलता भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बोट दाखवलं. जयंत साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेलं ते कॅलेंडर पुढे तिथी देतं आणि मागे पाककृती. म्हणून महिना उलटला तरी पान फाडवत नाही. मुलाच्या कॅलेंडरात सगळे रंग होते, चतुर्थी तेवढी नव्हती.

तिसरी पोस्ट मात्र कळस होती : "शंभर टक्के रसायनमुक्त मसाला!" खाली पत्ता : रसायनी. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६०ची. तिच्यासारख्या कारखान्यांवरूनच या गावाला हे नाव पडलं. मोहोपाड्याच्या बाजारात भाजीवाल्या मावशींनी गाठलंच. "रसायनमुक्त? अन् तुम्ही जन्मभर प्लांटात काय, हळद कुटत होतात?"

त्या महिन्यात खप दोन किलो. आणि घसरला नेमका कशाने? वेळेने, मटणाने की पत्त्याने? सांगता येईना, कारण सगळंच एकदम बदललं होतं.

आणि मी कोण? लॅबमधला केमिस्ट! टायट्रेशन करताना पोरांना ओरडायचो : शेवटी शेवटी ब्युरेटमधून एकेक थेंब सोडा, फ्लास्क हलवा, बघा. फिकट गुलाबी दिसलं की थांबा. गडद झालं, तर अंदाज चुकला. ओता आणि पुन्हा करा. तोच मी घरच्या धंद्यात अख्खी ब्युरेट उपडी करून बसलो होतो.

ओतलं, पुन्हा केलं. परत रविवार, परत चार, परत ठसका. या महिन्यात फक्त एक थेंब : दोन ओळींखाली एक पाककृती. मागणी किंचित वाढली. फिकट गुलाबी.

"पाककृती माझी, मसाला माझा," बायको म्हणाली. "मग तुम्ही नेमकं केलंत काय?"

"थांबलो," मी म्हटलं.