झेरॉक्सवाले काका

कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान असतं आणि त्यात हे काका असतात. चष्मा कपाळावर, पेन कानावर, आणि कीबोर्डवरचं 'ए' केव्हाच पुसलेलं. नोकरी शोधणारं पोर काउंटरशी आलं की ते मान वर न करता विचारतात, "नोकरीचा की लग्नाचा?"

दोन्ही बायोडेटा एकाच फोल्डरमध्ये. जुन्यावर नवा चढवायचा, ही पद्धत. त्यामुळे एका डिप्लोमावाल्याच्या अर्जात 'नाडी : मध्य' तशीच राहिली आणि मुलाखतीला तेवढ्यावरच पाच मिनिटं गेली म्हणे.

फॉरमॅट तीन : साधा, डबल कॉलम आणि कलर. काकांचा जीव डबल कॉलमवर. डावीकडे निळा पट्टा, त्यात फोटो, खाली 'एक्सेल'पुढे पाचपैकी चार तारे. हे चार कुणी दिले, विचारू नये. आता मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी एटीएस नावाचं सॉफ्टवेअर चाळतं. दोन कॉलम असले की पुष्कळदा ते डावं-उजवं सलग वाचतं आणि बी.कॉम.ला क्रिकेट चिकटतं. तारे तर त्याला कळतच नाहीत. हे मी काकांना सांगून पाहिलं. "मशीन वाचणार? मग टाइप मोठा करू," म्हणाले.

अनुभवी माणसानं शेवटची नोकरी सगळ्यात वर लिहावी, नवख्यानं शिक्षण. एवढं साधं गणित. काका मात्र सगळ्यांची सुरुवात दहावीपासून करतात, मग माणूस चाळिशीचा का असेना. छंद सगळ्यांचे तेच : वाचन, संगीत, प्रवास. आणि तळाशी 'वरील माहिती खरी आहे' हे इंग्रजीत, स्थळ, दिनांक, सही. त्याशिवाय प्रिंट निघत नाही.

पण एका बाबतीत ते भल्याभल्या सल्लागारांना भारी आहेत. मजकूर दुसऱ्या पानावर गेला की ते ओरडतात, "कशाला पैसे घालवतोस? काप!" आणि प्रोजेक्टचं लांबलचक पुराण, शाळेतलं वक्तृत्वाचं बक्षीस, वडिलांचा हुद्दा बिनदिक्कत उडवतात. नवख्याचा रेझ्युमे एका पानात बसवावा, हे पोरांना त्यांच्याइतकं कुणीच पटवू शकलेलं नाही.

तेव्हा जा त्यांच्याकडे खुशाल. साधा फॉरमॅट मागा, फाइल पेन ड्राइव्हवर घ्या आणि घरी जाऊन तळाची तारीख बदला. तिथे अजून २०१९ आहे.