मा. नगरसेवक साहेबांना आभारपत्र, जिन्यासकट

प्रति,
मा. नगरसेवक साहेब,
आमचा प्रभाग

विषय : ज्येष्ठांच्या कल्याणाबद्दल आभार व काही किरकोळ मागण्या

साहेब,

1 ऑक्टोबरला, जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनी, आपण आमचा सत्कार केलात, त्याबद्दल संघातर्फे आभार. निमंत्रण दहाचं होतं, आपण साडेबाराला आलात. तोवर आमचे मधुमेही सभासद श्रीफळांच्या राशीकडे आशेनं पाहत होते. ऑक्टोबरच्या उकाड्यात खांद्यावर शाल पडताच एकांना घेरी आली. ‘काका भारावले,’ असं आपण माइकवरून लगेच सांगितलंत, म्हणून कार्यक्रमाचा रंग टिकला.

विरंगुळा केंद्राबद्दलही ऋणी आहोत. ते पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. तळमजल्यावर आपलं जनसंपर्क कार्यालय असल्यामुळे दुसरा इलाज नव्हता, हे आम्ही जाणतो. ज्यांचे गुडघे शाबूत तेच वर पोचतात, त्यामुळे केंद्रात वातावरण कायम उत्साही असतं. फोटो छान येतात.

प्रभागात बाकडीही भरपूर झाली. प्रत्येकाच्या पाठीवर आपलं शुभनाम आहे. टेकलं तर ते झाकलं जातं, म्हणून आम्ही ताठ बसतो. मणक्याला बरंच आहे. फक्त बाकड्यापर्यंतचा फूटपाथ जरा उंच आहे आणि त्यावर दुचाक्या उभ्या असतात. जवळपास मुतारी नसल्यानं प्रोस्टेटवाल्यांची बैठक लवकर आटोपते.

राज्य सरकारचंही आमच्यावर लक्ष आहे. 2024 मध्ये तीर्थ दर्शन योजना आली. तीत माणशी 30,000 रुपयांपर्यंत खर्च सरकार करतं. त्याच वर्षी वयोश्री योजना आली. तीत श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच 3,000 रुपये मिळतात. म्हणजे काशीला जायला तीस हजार आणि संडासला जायला तीन हजार. आमच्या वयात कुठे किती वेळा जावं लागतं, हे हिशेब करणाऱ्यांनी एकदा आम्हाला विचारायला हवं होतं.

आता आमच्या स्वयंसेवक पथकाविषयी. त्यातले तरुण सत्तरीचे आहेत. ते नव्वदीतल्यांच्या घरी जातात, वारांप्रमाणे गोळ्या डबीत भरून देतात, सिलिंडरचा नंबर लावतात, पासबुक भरून आणतात. अंथरुणाला खिळलेल्यांना कूस बदलून देतात, नाहीतर पाठीला जखमा होतात. सत्काराच्या शाली अशा वेळी उशाखाली घालायला फार उपयोगी पडतात.

श्रावणबाळ योजनेचे महिना 1,500 रुपये चालू राहावेत म्हणून हयातीचा दाखला लागतो. झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. मग माणूस जिवंत असल्याचं पटवण्यासाठी त्याला खुर्चीत बसवून चौघांनी जिना उतरवायचा. खाली रस्त्यावरचे लोक हात जोडून बाजूला होतात. आजोबा त्यांना खुर्चीतूनच उलट नमस्कार करतात, तेव्हा गैरसमज दूर होतो.

14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. चांगली आहे. कुठल्या कचेरीत जायचं ते आपुलकीनं सांगतात. तिथवर नेणार कोण, तेवढं राहतं.

पेन्शन हे तहसीलचं काम, पालिकेचं नव्हे, हे आपण मागेच समजावलंत. पण दवाखाना, फूटपाथ आणि मुतारी पालिकेचीच ना? म्हणून मागण्या अशा : दवाखान्यातली सिस्टर आठवड्यातून एकदा पडून असलेल्यांच्या घरी यावी. दवाखान्याच्या संडासात भिंतीला धरायला दांडी बसवावी. विरंगुळा केंद्र खाली आणावं, जनसंपर्क वर न्यावा. जनता तरुण आहे, चढेल. स्वयंसेवकांना रिक्षाभाडं मिळावं. यातल्या कशालाच फीत बांधता येत नाही, ही त्रुटी आम्हाला मान्य आहे. दांडीला बांधून पाहू.

‘घरोघर माणूस पाठवणं यंत्रणेला शक्य नाही,’ असं आपण म्हणाल. आम्हीही तसंच समजत होतो. पण 2024 च्या लोकसभा निवडणुकीत 85 वर्षांवरच्या मतदारांना घरून मत देण्याची सोय झाली. आमच्या एका सभासदाच्या तिसऱ्या मजल्यावर अख्खा लवाजमा चढला : कर्मचारी, पोलीस, चित्रीकरण करणारा, गुप्ततेसाठी आडोसासुद्धा. त्या इमारतीलाही लिफ्ट नाही. कुणाला धाप लागली नाही, कुणी ‘यांना खाली आणा’ म्हणालं नाही. मत सुखरूप खाली गेलं. सभासद वरच आहेत.

मतासाठी जो जिना चढता येतो, तो मलमपट्टीसाठीही चढता येत असणार. पत्ते शोधण्याचा त्रास नको. मतदारयादी आपल्याकडे आहेच.

आपला नम्र,
सचिव, ज्येष्ठ नागरिक संघ
(तळमजल्याच्या प्रतीक्षेत)