एमसीए, एलएलबी, व्हाया दिवा

डोंबिवलीत मुलगा नुसता एमसीए करतोय म्हटलं की शेजारच्या काकूंच्या डोळ्यांत सहानुभूती दाटते. "हो का? आणि बरोबर काय करतोय?" बरोबर म्हणजे एलएलबी, गेला बाजार एमबीए. एआय प्रोग्रॅमरची नोकरी खाणार असेल, तर निदान त्याच्यावर दावा तरी ठोकता यावा, असा हा साधा हिशेब.

विद्यापीठ अनुदान आयोगालाही तो पटला. एप्रिल 2022 मध्ये आयोगानं एकाच वेळी दोन पूर्णवेळ पदव्यांना मुभा दिली. दोन्हीकडे वर्गात बसायचं असेल तर वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, ही अट. कल्याणची लॅब आणि ठाण्याचं लेक्चर यांच्यामध्ये वीसेक किलोमीटर मध्य रेल्वे पसरलेली असते, हे दिल्लीतून कसं दिसणार!

वकिलीची तऱ्हा आणखी न्यारी. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमावलीतला सहावा नियम कायद्याच्या पदवीबरोबर दुसरी पदवी करू देत नाही. सूट आहे ती भाषेच्या किंवा संगणकाच्या छोट्या प्रमाणपत्राला, आणि दूरशिक्षणाला. म्हणजे संगणकाचा क्लास लावा, पण वर्गात बसून नीट शिकाल तर खबरदार!

दूरशिक्षणाचं डोंबिवलीकराला काय कौतुक? लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकलेलं, मांडीवर पायथन, कानात भारतीय न्याय संहिता. समोर लटकणारे काका आशेनं विचारतात,

"ठाणे का?"

"नाही, दादर. एमबीएचा क्लास आहे."